गमत्या आजीचं वर्ष आहे. तिची गाणी, नकला, लुगडी कशी जपावी?

पांढरीची_पोर

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला आमचं गाव. येत्या आश्विनात आजीला जाऊन वर्ष होते. वय नव्वदीच्या आसपास असावं, नक्की साल घरात कोणालाच सांगता येत नाही. गावात तिची ओळख एकच, हसवणारी बुढी. हळदीला विहिणीची गाणी, भुलाबाईच्या सणात टिपऱ्या, जात्यावरच्या ओव्या, कोडी, आणि तलाठ्यापासून कीर्तनकारापर्यंत सगळ्यांच्या नकला.

वर्षश्राद्ध रीतीप्रमाणे होईलच. त्याशिवाय कोजागिरीच्या रात्री अंगणात वेगळा कार्यक्रम करायचं ठरलं आहे, साधारण ६० माणसं. फोटोला हार आणि दोन भाषणं एवढ्यावर तिची आठवण संपू नये, असं मनापासून वाटते.

हाताशी आहे ते असं: घरच्यांच्या फोनमधले तिचे व्हॉइस मेसेज, लग्नाच्या दोन व्हिडिओ कॅसेटी (१९९८ आणि २००३), पाच लुगडी, तिचं जातं, अकरा फोटो (त्यातले दोन फ्रेमच्या काचेला चिकटलेले). तिच्या तीन मैत्रिणी हयात आहेत, तिघीही ऐंशीच्या वर. गाणी कुठेच लिहिलेली नाहीत. सुरुवात कुठून करावी, काय चुकू शकते, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगावं.

जात्याजवळ

सुरुवात त्या तीन मैत्रिणींपासून, आणि याच आठवड्यात. कॅसेट दोन महिने थांबेल, लुगडी दोन वर्षं थांबतील. ऐंशीच्या पुढच्या माणसाचं तसं नसते.

सध्या निंदण-डवरणाचे दिवस आहेत. घरची माणसं सकाळीच वावरात जातात आणि म्हातारी माणसं घरी एकटी राहतात. अकरा ते दोन हा वेळ तुमच्या कामाचा. त्यांच्या घरचे सून, नातू, जावई बसलेले असले की बाया मोकळ्या होत नाहीत. विहिणीची गाणी तर पुरुष माणूस समोर असताना निघणारच नाहीत, त्यामुळे रेकॉर्डिंगला तुमच्या घरातल्या लेकी-सुनाच जाऊ द्या. दोघी मैत्रिणींना एकत्र बसवा. एकटी असली की "आता काय आठोते बाई" म्हणून बसते, दुसरी असली की एकीची ओळ दुसरी पुरी करते. चार-पाच जणी मात्र नको, आवाजात आवाज मिसळतो आणि लिहून घेताना काहीच सुटं होत नाही.

वेगळं यंत्र घ्यायची गरज नाही, फोन पुरतो. एरोप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन गाण्यात घंटी वाजते. पंखा आणि कूलर बंद. त्यांच्या घरघरीची आपल्या कानाला सवय असते म्हणून ती जाणवत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये तीच पुढे येऊन बसते. टिनाच्या छपराखाली पाऊस सुरू झाला तर थांबा. रिकाम्या, फरशीच्या खोलीपेक्षा धान्याची पोती आणि गोधड्या असलेली खोली चांगली, आवाज घुमत नाही. फोन तोंडापासून दीड वीत, जरा बाजूला ठेवा. अगदी समोर धरला तर प, फ, भ या अक्षरांना हवेचा फटका बसतो. ॲपमध्ये वेव्ह हा पर्याय असेल तर तोच निवडा. एका तासाला एकेरी आवाजाची फाइल सुमारे ३२० एमबी होते. जागा कमी असेल तर एम४ए चालेल, तासाला साठेक एमबी. ही फाइल नंतर व्हॉट्सॲपवर पाठवायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. माइकचं बटण दाबून थेट तिथेच रेकॉर्ड केलं तर आवाज दाबला जातो आणि नंतर काही करता येत नाही.

प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला तारीख, गाव, गाणारीचं नाव आणि आजीशी तिचं नातं स्वतःच्या आवाजात बोलून घ्या. सहा महिन्यांनी वीस फाइली हातात असतात आणि कोणाचा आवाज कोणता ते सांगता येत नाही.

आता विचारायचं कसं, कारण खरी अडचण तिथे येते. "आजी कशी होती?" असं विचारलं की "लय चांगली होती माय" एवढंच उत्तर मिळते. गमत्या माणसाची गंमत त्याच्या गुणांत नसते, ती प्रसंगात असते: कोणाला म्हटलं, कधी म्हटलं, त्यावर समोरचा काय बोलला. म्हणून विचारा, ती कोणाची नक्कल हुबेहूब करायची? तिने कोणाला फसवलं आणि ते उघडं कसं पडलं? तिला कोण हसवायचं? कोणत्या गाण्यावर सासू रागावायची? भर पंगतीत कोणाच्या तोंडावर काय म्हणाली? गाण्यासाठी "म्हणा" असं म्हणूच नका. ओळ मुद्दाम थोडी चुकीची म्हणा, ती लगेच दुरुस्त करेल आणि पुढची स्वतःच धरेल.

जात्यावरच्या ओव्या हाताच्या गतीला बांधलेल्या असतात. जातं न फिरवता बऱ्याच बायांना तिसऱ्या ओळीपुढे जाताच येत नाही. आजीचं जातं अंगणात मांडा. मूठ-मूठ ज्वारी टाकत राहा. रिकामं फिरवलं तर दगडावर दगड घासून खर पडते आणि आवाजही कर्कश येतो. फोन जमिनीवर ठेवू नका, जात्याचा थरथराट फरशीतून थेट त्यात उतरतो. उशीवर किंवा स्टुलावर ठेवा. एकदा जात्यासकट घ्या, मग तीच ओवी जातं थांबवून नुसती म्हणवून घ्या. पहिली ऐकण्यासाठी, दुसरी लिहिण्यासाठी. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बैठक संपवा. दमलेल्या आवाजात ओवी तुटते.

लिहून काढायचं काम आठ दिवसांच्या आत. एका तासाच्या रेकॉर्डिंगला सहा-सात तास लागतात, हे धरूनच बसा. आणि कृपा करून बोली सुधारू नका. "मले" चं "मला" केलं, "डोया" चा "डोळा" केला, "इहीर" ची "विहीर" केली की नाद बदलतो, यमक तुटते आणि आजीही त्यातून निघून जाते. जसं ऐकू आलं तसं लिहा, अर्थ बाजूला वेगळ्या रकान्यात. जो शब्द कळला नाही तो त्याच बाईला दुसऱ्या भेटीत विचारा, अंदाजाने भरू नका.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जमवलेल्या लाखाहून जास्त ओव्या पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर विषयवार लावलेल्या आहेत. आजीची एखादी ओवी अर्धी सापडली तर तिथे तिच्या बहिणी, म्हणजे तशाच ओव्या, शोधता येतात. पण दुसऱ्या गावची ओळ घेऊन आजीची ओवी पुरी करू नका. अर्धी असेल तर अर्धीच ठेवा, पुढे तीन टिंबं द्या.

पांढरीची_पोर

खूप उपयोगी. दोन अडचणी. एका मैत्रिणीला कमी ऐकू येते. आणि जात्याचा खुंटा सैल झाला आहे, फिरवताना निघून हातात येतो.

जात्याजवळ

खुंटा बाभळीचा नवा करून घ्या किंवा त्याच खुंट्याला सुती चिंधी गुंडाळून घट्ट ठोका. ठोकताना हलक्या हाताने. भोकाची कड जुनी झालेली असते, तिथून टवका उडतो. गाण्यापुरतं फिरवायचं आहे, टाकी लावायची, म्हणजे दगड टाचून घ्यायची, गरज नाही. मधली खीळ तेवढी पाहा, झिजलेली असेल तर वरचा दगड डुगडुगतो आणि ओवीची लय जाते.

कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी ओरडून बोललं की शब्द फाटतात. चांगल्या कानाच्या बाजूला बसा, आवाज जरा खालचा लावा, सावकाश बोला. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या मैत्रिणीला तिच्या समोर बसवा. ती तोंडाकडे पाहून ओळ पकडते. टिपऱ्यांचं गाणं असेल तर तिच्या तळहातावर ठेका धरा.

दाखल_खारीज

सालाबद्दल सांगतो. आधारकार्डावर १ जानेवारी असेल तर ती तारीख अंदाजी समजा. शाळेत गेली असेल तर माहेरच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर पाहा, पण तिथेही १ जून किंवा १ जुलै दिसली की ती मास्तरांनी बसवलेली असण्याचीच शक्यता जास्त.

विदर्भात खरा आधार म्हणजे कोतवाल पंजी, गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंद. नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते. इथे लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, सासरच्या गावात शोधतात. जन्म माहेरच्या गावी किंवा तिच्या आईच्या माहेरी नोंदलेला असतो. दोन, आजीचं नाव शोधतात. नोंदीत बहुतेक वेळा बापाचं नाव आणि "मुलगी" एवढंच असते, बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली असते. म्हणून पणजोबांचं पूर्ण नाव, गाव आणि आगेमागे पाचेक वर्षांचा टप्पा घेऊन जा. त्या काळात त्यांना दोन-तीन मुली झाल्या असतील तर भावंडांचा क्रम आधी घरी पक्का करा. तालुके पुढे फुटले आहेत, त्यामुळे जुनी पंजी आजच्या तालुक्यात नसून जुन्या तालुक्याच्या ठिकाणी असू शकते.

कागद नाहीच मिळाला तर घटनांवरून ओढा. मैत्रिणींना साल विचारू नका, प्रसंग विचारा. गांधीजी गेल्याची बातमी आली (३० जानेवारी १९४८) तेव्हा आजी परकरात होती की लुगडं नेसायला लागली होती? पहिल्या निवडणुकीत, म्हणजे १९५१-५२ ला, तिचं मत होतं का? तेव्हा मताला २१ वर्षं पुरी लागत. गाडगेबाबा गेले (२० डिसेंबर १९५६) तेव्हा ती सासरी आली होती का? नवे पैसे आले (१ एप्रिल १९५७) तेव्हा आण्यांच्या हिशेबात बाजारात कोण गोंधळायचं, असं विचाराल तर गमतीची गोष्टही हाती लागेल. तुमच्या जिल्ह्यात तर मोठी खूण आहे: वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, डिसेंबर १९६३. त्या वेळी घरात कोणतं लेकरू पाळण्यात होतं? तुकडोजी महाराज गेले ते ११ ऑक्टोबर १९६८. मग १९७२ चा दुष्काळ. चार-पाच खुणा एकमेकींशी जुळल्या की दोन वर्षांच्या फरकाने साल निघते. जुळत नसतील तर सगळ्यात धाकट्या मैत्रिणीचा शब्द बाजूला ठेवा. ती ऐकीव सांगत असते. फलकावर "अंदाजे १९३५" असं लिहायला अजिबात हरकत नाही.

फीत_आणि_काच

कॅसेटींबद्दल. आधी कॅसेटच्या खिडकीतून रिळाची कड पाहा. पांढुरकी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या कॅसेटींना हमखास लागते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. हेड चोंदते आणि त्यानंतर घातलेली चांगली फीतही खराब होते. बुरशी काढून देणाऱ्याकडेच द्या. स्वच्छ असेल तर आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं तशीच पडलेली फीत थराला थर चिकटून असते, थेट चालवली तर ओढली जाते. डिजिटल करायला तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात. कोणी "दहा मिनिटांत करून देतो" म्हटलं तर देऊ नका.

एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. त्या काळच्या लग्नाच्या कॅसेटीत मिक्सिंग करताना मूळ आवाज काढून वर सिनेमातली गाणी टाकलेली असायची. आजी गाताना दिसेल, ऐकू येणार नाही. म्हणून शूटिंगवाल्याकडे मूळ, न कापलेली कॅसेट शिल्लक आहे का ते विचारा. हळदीचा आणि मांडवाचा भाग नीट ऐका, तिथे कधीकधी मूळ आवाज राहिलेला असतो. आवाज नसला तरी हात, मान, पदर खोचायची पद्धत हे सगळं नकलांसाठी मोलाचं आहे. ती जिथे जिथे दिसते ती मिनिटं वहीत टिपून ठेवा.

व्हॉइस मेसेज आजच्या आजच वेगळे काढा. फोन बदलला, हरवला की पहिला बळी त्यांचाच जातो. घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये शोधा. पोरांच्या वाढदिवसाचे, पोळ्याचे व्हिडिओ पाहा, मागून तिचं हसणं ऐकू येते का ते. ती समोर नसते तेव्हाच बहुतेक वेळा मोकळी बोललेली असते. सगळं तीन जागी ठेवा: एक पेनड्राइव्ह घरी, एक शहरातल्या नातेवाइकाकडे, एक इंटरनेटवर.

काचेला चिकटलेले फोटो ओढू नका, पाण्यातही टाकू नका. फोटोचा वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट फोटो काढा. दारापाशी सावलीत, फ्लॅश बंद, फोनमागे काळं कापड धरा म्हणजे काचेत आपलाच चेहरा दिसत नाही. सुटे नऊ फोटो मात्र स्कॅनरवर ६०० डीपीआयला घ्या.

धावदोरा

पाच लुगड्यांपैकी एक तसंच ठेवा, बाकीच्यांची वाकळ (गोधडी) शिवा. आधी प्रत्येक लुगडं उजेडासमोर धरून पाहा. काष्ट्याचा भाग आणि बसायची जागा विरलेली असते, काठ आणि पदर टिकलेले असतात. विरलेलं आतल्या थरात, मजबूत बाहेर.

नऊवारी म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, पन्हा (रुंदी) पंचेचाळीस इंचाच्या आसपास. लांबीत दोनदा दुमडलं की चार थर होतात आणि जवळपास पावणेसात फूट बाय पावणेचार फूट अशी एका माणसाची वाकळ एका लुगड्यात, कात्री न लावता होते. विदर्भाच्या थंडीला चार थर कमी पडतात. दोन लुगडी एकावर एक घेतली तर आठ थर, मग पांघरायला खरी ऊब. आठाच्या वर जाऊ नका, सुई हाताने निघत नाही.

मोठ्या टाक्यांनी आधी चारही कडा आणि मधली फुली कच्ची धरून घ्या, नाहीतर थर सरकतात आणि शेवटी एका कोपऱ्यात फुगा येतो. मग कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी आत आत जात धावदोरा घाला, दोन ओळींत दोन बोटं अंतर. दोरा सुतीच. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, पण तो जुनं सुती कापड कापतो, दोन धुण्यांत टाक्याजवळ भोकं दिसतात. अस्तराला नवं कापड लावणार असाल तर आधी धुऊन आटवून घ्या. कोजागिरीपर्यंत दोन वाकळी होतील, तिघी-चौघी मिळून दुपारी बसल्या तर एका वाकळीला आठ-दहा दिवस.

नातींना प्रत्येकी काही द्यायचं असेल तर काठाच्या पट्ट्या काढून पिशवीला लावा, पण पदर कापू नका. जे लुगडं तसंच ठेवायचं आहे ते धुऊन, पूर्ण वाळवून, जुन्या पांढऱ्या सुती धोतरात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं तर पावसाळ्यात ओल धरते. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका, डाग पडतात. दर सहा महिन्यांनी घडी बदला. घडीवरच कापड पहिल्यांदा फाटते.

टिपरी

कोजागिरी निवडली हे फार छान केलं, भुलाबाईचा शेवटचा दिवसही तोच. भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजीच्या मूर्ती मांडा, म्हणजे पोरींना महिनाभर गाणी घोटायला मिळतील. मखराला ज्वारीचे पाच धांडे (ताटं) लागतात. तुमच्याकडे आता सगळीकडे सोयाबीन आणि कपाशी, धांडे ऐनवेळी मिळत नाहीत, ज्याच्या वावरात ज्वारी आहे त्याला आताच सांगून ठेवा. पोरींना गाणी कागदावरून शिकवू नका. मैत्रिणींचं रेकॉर्डिंग लावा आणि टिपऱ्या हातात द्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी पुरेत. टिपरी हलक्या लाकडाची, कोपरापासून मनगटापर्यंतच्या लांबीची. जड टिपरीने लहान पोरींचे हात पाचव्या मिनिटाला खाली येतात.

भुलाबाईतला खाऊ ओळखायचा खेळ जरूर ठेवा, गमत्या आजीसाठी याहून चांगलं काय असणार. प्रत्येक घराने आजीच्या हातचा एकेक पदार्थ झाकणाच्या डब्यात आणायचा. डबा हलवायचा, आवाजावरून आणि "गोड का तिखट, ओलं का कोरडं" अशा प्रश्नांवरून ओळखायचं. तीन संधी. चुकला त्याने आजीचं एक कोडं घालायचं किंवा एक गाणं म्हणायचं. डब्यात कापड घालून आवाज दाबायची चलाखी चालेल की नाही ते आधी ठरवा, यावरून दरवर्षी भांडणं होतात. कोड्यांची उत्तरं लिहिलेली वही एकाच माणसाकडे असू द्या.

नकलांबद्दल: त्या आवाजात मावत नाहीत, व्हिडिओच घ्या. फोन आडवा, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत दिसेल इतका लांब. मैत्रिणीला नक्कल "सांगायला" नको, उभं राहून "करून दाखवा" म्हणा, हातात काठी, चष्मा, छत्री जे काय आजी वापरायची ते द्या. ज्याची नक्कल तो माणूस हयात असेल तर कार्यक्रमाआधी त्याला विचारा. बहुतेक लोक आनंदाने हो म्हणतात आणि स्वतः पहिल्या रांगेत बसतात. नाही म्हटलं तर ती नक्कल घरातच ठेवा.

गोवरीचा_आर

६० माणसांना रोडगे, वांग्याची भाजी आणि तुरीचं वरण करा. अंगणातच होते, माणसं भोवती बसतात, वेगळी बैठक मांडायला नको. एक किलो रवाळ दळलेल्या गव्हाच्या पिठाला अर्धी वाटी तेलाचं मोहन, मीठ, ओवा, आणि घट्ट भिजेल एवढंच पाणी, अर्ध्या लिटरच्या आत. दीडशे ग्रॅमचा गोळा धरला तर किलोला दहा. माणशी दोन म्हणजे १२ किलो पीठ. चपटा लाटून तेल लावून घडी घाला, मग गोल वळा, म्हणजे आत पदर सुटतात.

फसतात ते आरामुळे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांमुळे. गोवऱ्या पूर्ण जळून ज्वाला बसल्यावरच रोडगे ठेवायचे. ज्वाला असताना ठेवले तर वरून काळे, आत कच्चे. गोवरी ओलसर असेल तर धुराचा वास आतपर्यंत जातो. आश्विनात पावसाची ओल असते, गोवऱ्या आठ दिवस आधी उन्हात टाका. कणीक सैल असेल तर राख चिकटते. बारा-पंधरा मिनिटांनी पालटा, मग गरम राखेने झाका, एकूण अर्धा-पाऊण तास. फडक्याने झटकून, हाताने फोडून, तुपात. चंद्राच्या दुधाला १२ लिटर दूध घ्या, आटून साडेनऊ-दहा राहते, माणशी दीडशे मिलीचा हिशेब बसतो.

त्याच वेळी बायांकडून गाणी रेकॉर्ड करून घेता येतील, रोडगे वळताना सगळ्या मोकळ्या असतात.

जात्याजवळ

इथे माझं मत वेगळं आहे. परातीचा, फुंकणीचा, पोरांचा आवाज मिसळला की शब्द हाती लागत नाहीत. त्या रात्री फोन सुरू ठेवा जरूर, पण त्यावर भिस्त ठेवू नका. सगळं नीट रेकॉर्डिंग भाद्रपद संपायच्या आत झालेलं असू द्या.

आणखी एक, विहिणीच्या गाण्यांत खरी नावं असतात, काही ओळी चावट असतात. त्या गाळू नका, पण वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि गाणारीला तिथल्या तिथे विचारा की हे कोणाला ऐकवायचं, कोणाला नाही. ती सांगेल ते रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या. गावच्या ग्रुपवर काय जाणार ते तिच्या शब्दावर ठरेल.

पांढरीची_पोर

उद्या अकराला पहिली बैठक ठरवली आहे, दोघी येत आहेत, जातं ओसरीवर मांडलं. शेवटचं विचारते: कार्यक्रमाचा क्रम कसा लावावा? साउंडवाला गावातलाच आहे.

टिपरी

साउंडवाल्याला आधी एको बंद करायला सांगा. डीजेच्या सवयीने तो चालूच ठेवतो आणि ओवीचा प्रत्येक शब्द तीनदा ऐकू येतो. अंधार पडला की आधी आजीचा स्वतःचा आवाज, तीस-चाळीस सेकंदांचा एकच व्हॉइस मेसेज, तोही हसण्याचा. त्यावर कोणी बोलू नये. मग मैत्रिणींच्या ओव्या, माइकशिवाय, सगळ्यांना जात्याजवळ बसवून. म्हाताऱ्या माणसांना नऊनंतर जागवू नका. त्यानंतर भुलाबाईची गाणी, जेवण, खाऊ ओळखणं, आणि चंद्र वर आला की दूध. नकला अगदी शेवटी ठेवा, त्यांच्यानंतर लोकांना पुन्हा शांत बसवता येत नाही.